कनवटीचं पाणी

साहेब, तुम्ही आमचं पाणी पास केलंत. भर मांडवात, गळ्यात हार असताना, माइक हातात धरून. समोर सतरंजीवर बसलेल्या आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमच्या वस्तीतलं काहीतरी पास झालंय असं त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या टाळ्या थांबायच्या आत आमचा नळ दुसरीकडे गेला. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. वाचताना तुम्हाला कळेलच.

आता पुढचं ऐका. तुम्ही मांडवातून उठून जेवायला गेलात, त्यामुळे तुम्हाला निम्मंच माहीत आहे.

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही बायका तुमच्या विद्यापीठाची टेकडी चढत होतो. फेब्रुवारी होता आणि वर वारं गार होतं. प्रत्येकीच्या हातात चिंचेनं घासलेला तांब्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र, फुलपात्रावर पांढरं फडकं. अंगावर ठेवणीतली लुगडी. सगळ्यांत पुढे नागव्वा मावशी. आमच्या वस्तीत काहीही व्हायचं असलं, बारसं की मोर्चा, पुढे तीच असायची. माझी बहीण ललिता सगळ्यांत मागे, कारण तिच्या कडेवर पमी होती. पमी वर्षाची होऊन गेली होती, पण कडेवर घेतली तर सहा महिन्यांची वाटायची. तिला सारखं पोटाचं व्हायचं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दर वेळी तेच सांगायचा, पाणी बदला. जसं काही पाणी म्हणजे लुगडं आहे.

पाणी आमच्याकडे एकच होतं. टेकडीच्या पायथ्याला दगडाची जुनी खण आहे, तिच्या कडेला आमची वस्ती आणि वस्तीची विहीर. वरच्या कॉलनीचं सांडपाणी उतारानं येऊन त्या विहिरीत झिरपायचं. आम्हाला ते नाकानं कळत होतं, पण नाकाचा पुरावा कुठं चालतो? नगरसेवक शामराव बेडगे म्हणाले होते की यंदा नळाचा पाइप एकाच बाजूला जाणार, एकतर खणीकडे नाहीतर नव्या प्लॉटिंगकडे. तुमचं पाणी वाईट आहे हे विद्यापीठानं सांगितलं तर पाइप तुमचा. आणि त्याच आठवड्यात चौकात तुमच्या विद्यापीठाचं पोस्टर लागलं. विज्ञान सर्वांसाठी, तीन दिवस विद्यापीठ सर्वांना खुलं, घरचं पाणी घेऊन या, मोफत तपासून मिळेल. मी ते बायकांना वाचून दाखवलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, ब्लाउज शिवत होते आणि सातवीनंतरचं सगळं वाचन रद्दीच्या दुकानात केलं होतं.

गेटवर शाळांच्या बसगाड्या आत सोडत होते. आम्हाला वॉचमननं अडवलं. बाहेरचं पाणी आत नेता येत नाही म्हणाला.

"पोस्टरवर तुम्हीच लिवलंय, पाणी घिऊन या म्हणून," नागव्वा मावशी म्हणाली. "का तुमालाबी वाचाया येत न्हाई, आमच्यावानी?"

मागच्या बसमधली पोरं हसली, वॉचमन बाजूला झाला.

आत जत्रा होती, साहेब, आणि चांगली जत्रा होती. खोटं कशाला बोलू? एका गोळ्यावर हात ठेवला की पोरांचे केस उभे राहत होते. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. टाय लावलेल्या पोरींच्या रांगेत आमची रेणव्वा घुसली आणि तिनं नळीतून कांद्याचा पापुद्रा बघितला. बराच वेळ डोळा काढेना. मग वर बघून म्हणाली, "कांद्यातबी प्लॉट पाडल्यात की." शिकवणारा मुलगा इतका हसला की त्यानं तिला परत एकदा बघू दिलं.

पाण्याचं टेबल तस्नीम पटवेगारचं होतं. मिरजेची मुलगी, तुमच्याच विभागात संशोधन करणारी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. पांढरा कोट, डोक्यावर ओढणी, आणि बोलणं एकदम घरचं. तिच्यापुढे छोट्या काचेच्या बाटल्यांचे ट्रे होते. प्रत्येक बाटलीच्या तळाशी औषध लावलेला कागदाचा तुकडा. तिनं समजावलं की बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. मैल्यातले जंतू पाण्यात असले तर ते काळं पडतं, नसले तर औषधाच्या रंगानं पिवळंच राहतं. उबेसाठी तिच्याजवळ लोखंडी कपाटासारखं मशीन होतं. मावशीनं हात लावून बघितलं आणि म्हणाली की अंडी उबवायची खुडूक कोंबडीच ही, फक्त विजेवर चालणारी.

तस्नीमनं प्रत्येकीच्या तांब्यातलं पाणी स्वतःच्या हातानं भरलं, बाटल्यांवर नावं चिकटवली. तांबे किती लखलखीत आहेत म्हणून कौतुक केलं. आमच्या बायका लाजल्या. उतरताना सगळ्यांच्या मनात एकच होतं, काळं पडू दे.

रविवारी दुपारी समारोप. तुम्ही बोललात ते मला अजून पाठ आहे. खणीच्या वस्तीच्या पाण्याबद्दल गैरसमज पसरवले जात होते, पण विज्ञान गैरसमज दूर करतं, एकही नमुना काळा पडलेला नाही, हे पाणी पिण्यायोग्य आहे. शेजारी शामराव बेडगे बसले होते. त्यांनी माइक मागून घेतला आणि तिथल्या तिथं सांगून टाकलं की मग यंदाचा पाइप प्लॉटिंगकडे.

टाळ्यांमध्ये ललिता माझ्या कानाशी आली. पमीचं डोकं तिच्या खांद्यावर लोंबत होतं.

"पाणी चांगलं हाय तर मग ही कशानं सुकती गं? माझ्या दुधानं?"

मी उठले. रागानं उठले, हे कबूल. मला वाटलं होतं की बेडग्यांनी त्या मुलीला पैसे चारलेत. तस्नीम टेबल आवरत होती, ट्रे खोक्यात भरत होती. मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, पाणी विहिरीतनं काढलं आणि तसंच आणलं ना?

"तसंच कसं आणू?" मी म्हणाले. "आम्हाला काय रीत नाही?"

आणि मी तिला आमची रीत सांगितली. आमच्या वस्तीत सोयरिकीला पाहुणे आले की आधी पाणी देतात, मग मुलगी दाखवतात. खूप मागे एकदा तांब्यात गाळ निघाला म्हणून पाहुणे पानावरून उठून गेले होते. तेव्हापासून बाहेरच्या माणसापुढे न्यायचं पाणी आम्ही आदल्या रात्री दुहेरी फडक्यातनं गाळतो, तुरटी फिरवतो, खळखळ उकळतो आणि तांब्याच्या भांड्यात भरून ठेवतो. स्वतः प्यायला असं करत नाही. रोज एवढं जळण आणायचं कुठून? पण विद्यापीठात जायचं होतं. गुरुवारी रात्री वस्तीत एकही चूल विझलेली नव्हती.

तस्नीम तिथल्या खोक्यावर बसली.

तेवढ्यात नागव्वा मावशी मला शोधत आली. तस्नीमनं तिला हळूच सांगितलं की मावशी, उकळल्यावर जंतू मरतात, उरलेसुरले तांब्यात मरतात. तुम्ही माझ्याकडे आणलं ते पाणी खरंच चांगलं होतं.

मावशीला पटेना. "वरची घाण आमी काढली. आतला रोग तुमचं मशीन काढंल असं वाटलं. दवाखान्यात जाताना आंगूळ करून जातो आपण, म्हणून काय डाक्टरला ताप कळत न्हाई?"

यावर हसायला पाहिजे होतं, पण तस्नीम हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बरोबर केलं. मीच विचारलं नाही. पाणी कुठून आणलं, कसं आणलं, हे पहिलं विचारायचं असतं. रांग बघून मी घाईत विसरले."

माझा राग तिथं संपला. म्हणजे तिच्यावरचा.

ती मला घेऊन तुमच्याकडे आली, साहेब. तुम्ही पाहुण्यांच्या पंगतीत होता. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली की पाहुणे जायच्या आत दुरुस्ती सांगून टाकू, बेडगे साहेब अजून इथंच आहेत. तुम्ही जिलबीचा तुकडा ताटात ठेवलात आणि म्हणालात की जाहीर झालं ते झालं, पत्रकारांनी लिहून घेतलंय, आता फिरवलं तर लोक विद्यापीठाला हसतील.

"हसू देत ना, सर," तस्नीम म्हणाली. "ते पाणी लोक आज संध्याकाळी पिणार आहेत."

तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. "तुझ्या प्रबंधावर अजून माझी सही व्हायची आहे, पटवेगार. प्रयोगशाळेची किल्ली जाताना ऑफिसात दे."

एवढंच बोललात. आवाजसुद्धा चढवला नाहीत.

आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, संपलं हिचं. चूक तरी काय होती तिची? पुढे सगळं आयुष्य पडलेलं, सही त्या माणसाच्या हातात. मग तिनं खोक्यातनं उरलेल्या बाटल्या काढल्या, स्वतःच्या पिशवीत भरल्या आणि किल्ली ऑफिसात देऊन आली. आम्ही उतरायला लागलो तेव्हा आमच्याबरोबर उतरली.

बाटल्या होत्या, विहीर होती, पण मशीन कुलपात गेलं होतं. उबेशिवाय जंतू वाढणार नाहीत आणि रात्री तर थंडी पडत होती. मावशीनं विचारलं, ऊब किती लागती? तस्नीम म्हणाली, माणसाच्या अंगाला असते तेवढी.

"मग अंगालाच बांधू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तस्नीमनं विहिरीवर सगळ्यांचे हात साबणानं धुऊन घेतले. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बाटलीचं तोंड कशाला टेकवायचं नाही, असं ती एकेकीला दटावत होती. पाणी जसं वर आलं तसंच भरलं. मग बायकांनी बाटल्या चिंध्यात गुंडाळल्या आणि कमरेच्या कनवटीला खोचल्या. ज्या बायका दगड फोडायला जायच्या त्यांनी दोन दिवस हलक्या हातानं घण उचलला. झोपताना कुशीवर वळायचं नाही. मावशी म्हणायची की माझी पाच पोरं पोटात असताना त्यांनाबी एवढं जपलं नव्हतं. नवरे कुरकुरत होते. ललितानं तर एक बाटली कमरेला आणि पमी मांडीवर, अशी भिंतीला टेकून रात्र काढली.

बुधवारी सकाळी रेणव्वा गल्लीत ओरडत आली. कनवटीतली बाटली डांबरासारखी काळी झाली होती. मग एकेक घरातनं बाटल्या बाहेर आल्या. सगळ्या काळ्या. तस्नीमनं एकीचं बूच उघडून दाखवलं, कुजक्या अंड्याचा भपकारा आला. आम्ही त्या वासावर हसत होतो, साहेब, आणि हसता हसता ललितानं पमीला पदराखाली घेतलं. ती म्हणाली, म्हणजे माझं दूध चांगलं होतं.

आम्ही बाटल्या घेऊन बेडग्यांच्या घरी गेलो. त्यांनी लांबूनच बघितलं.

"पाणी तुमचं, बाटल्या तुमच्या, अंगं तुमची," ते म्हणाले. "आत कुणी काय घातलं, मी बघायला होतो का?"

मी तोंड उघडणार होते, तर तस्नीमनं माझं मनगट धरलं. म्हणाली की ते बरोबर विचारतायत. हाच प्रश्न मी विचारायला पाहिजे होता. मग त्यांना म्हणाली, साहेब, मग तुम्हीच या. तुमच्या हातानं पाणी काढा, तुमच्या अंगावर ठेवा.

बेडगे हसले. नगरसेवकानं कमरेला बाटली बांधून फिरायचं, याचं हसं पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरलं असतं. पण ओसरीवर त्यांची आई, आक्काबाई, सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मी येते," ती म्हणाली. "माझी कंबर रिकामीच हाय."

रिक्षातनं आली म्हातारी. विहिरीत वाकून स्वतः पोहरा ओढला, कुणाला दोराला हात लावू दिला नाही. तस्नीमनं तिला दोन बाटल्या दिल्या. एक खणीच्या पाण्याची, दुसरी घरी जाऊन स्वतःच्या नळाची भरायची. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. म्हणजे ऊब तीच, बाई तीच, फरक पडला तर तो पाण्याचाच. म्हातारीला ते लगेच कळलं. लोणच्याच्या एका बरणीत नवा मसाला घालतो अन एक जुन्याचीच बघायला ठेवतो, तसंच की, असं म्हणाली आणि गेली.

निकालाच्या दिवशी आम्ही बेडग्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. आत त्यांच्याकडे प्लॉटिंगवाले आले होते, चहा चालला होता. आक्काबाई मागच्या खोलीतनं आली, कुणाकडे बघितलं नाही. कनवटीतनं दोन बाटल्या सोडल्या आणि चहाच्या कपांच्या मध्ये ठेवल्या. एक पिवळी, एक काळी.

"शाम्या," ती म्हणाली, "ही तुझ्या घरची. ही त्यांच्या घरची. दोन्ही माझ्याच अंगावर उबल्या. आता पाइप कुणाकडं, ते माझ्याकडं बघून सांग."

बेडग्यांनी काळी बाटली उचलून बघितली आणि परत ठेवली. दुसऱ्याच्या कमरेला काळं पडलेलं पाणी खोटं ठरवता येतं. आईच्या कमरेला पडलेलं कसं ठरवणार? प्लॉटिंगवाले चहा टाकून उठले. त्या उन्हाळ्यात खणीच्या वस्तीत नळ आला. पहिल्या दिवशी मावशीनं नळाच्या तोटीला हळदकुंकू लावलं आणि तस्नीमनं त्याच नळाखाली बाटली धरली. तपासल्याशिवाय मीसुद्धा पिणार नाही म्हणाली. बायका म्हणाल्या, हिला आमच्यापेक्षा जास्त खोड लागली.

तुम्ही तिच्या प्रबंधावरची सही अडवलीत. पुरती अडवलीत. शेवटी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जाऊन तिनं प्रबंध पुरा केला. आता ती मिरजेच्या कॉलेजात शिकवते आणि दर महिन्याला एका रविवारी आमच्या समाजमंदिरात बाटल्या घेऊन बसते. आमच्या पोरी आसपासच्या वाड्यांच्या विहिरी तपासतात. पोरींना आधी पाणी भरायला शिकवत नाहीत, आधी विचारायला शिकवतात. कुठून भरलं, कुणी भरलं, भरल्यावर काय केलं. नागव्वा मावशी आता थकली आहे, पण एखादी पोर विचारायची विसरली तर खाटेवरून ओरडते.

तुमची दुरुस्ती मात्र कुठंच आली नाही. उलट तुमच्या विभागाच्या भिंतीवर त्या वर्षीचा फोटो अजून आहे, खाली लिहिलंय, खणीच्या वस्तीचे गैरसमज दूर करताना. मी तो फोटो कसा बघितला विचाराल. पमीनं दाखवला. ललिताची पमी, कडेवर सुकलेली असायची ती. आता तुमच्याच विभागात दुसऱ्या वर्षाला आहे आणि चांगली दांडगी झाली आहे. यंदाच्या तुमच्या खुल्या दिवसांत तिला पाण्याच्या टेबलावर बसवलं होतं. टेकडीच्या पलीकडच्या वीटभट्टीवरच्या बायका आल्या होत्या. पमीनं पहिलीला विचारलं, मावशी, पाणी कसं आणलं? तर मागून तुमच्या माणसानं तिला गप्प केलं. रांग मोठी आहे, गप्पा नकोत, भर आणि पुढं ढकल. काल त्या भट्टीवाल्यांचं पाणीही पास झालं. तुम्हीच जाहीर केलंत. आता तर तुमची खुर्ची पहिल्यापेक्षा मोठी आहे.

पमी आज सकाळीच भट्टीवर गेली आहे, बरोबर बाटल्या आणि चार मैत्रिणी. त्यातल्या दोघी टाय लावणाऱ्या शाळेत शिकलेल्या आहेत. भट्टीवरच्या विहिरीचं काय ते दोन दिवसांत कळेल, तुम्ही कळवा किंवा न कळवा. ते काम आता तुमच्यावाचून अडत नाही.

माझं तुमच्याकडे वेगळंच काम आहे. भट्टीवरच्या पोरांना ते पाणी प्या म्हणून सांगण्याआधी, ते पाणी उकळून आणलं होतं की विहिरीतनं तसंच, हे तुमच्यापैकी एकानं तरी त्या बायकांना विचारलं का? हो की नाही, एवढंच सांगा, साहेब.